मुरगावला जहाज, हाताशी एक दिवस: दिवाडी आणि पणजी दोन्ही कसं जमवायचं

मुंबईहून निघालेलं क्रूझ जहाज गोव्याला लागतं म्हणजे नेमकं कुठे लागतं, हे तिकीट हातात आल्याबरोबर नकाशावर बघून घ्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी जुनी बोट थेट पणजीला, मांडवीच्या धक्क्याला लागायची. घरातल्या मोठ्यांकडून त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकलेल्या असल्या की वाटतं, उतरलो की समोर पणजी. आताची मोठी जहाजं मुरगाव बंदरात येतात. मुरगाव झुआरीच्या मुखाशी, दक्षिण काठावर, वास्कोच्या टोकाला. पणजी तिथून रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटर. आणि मांडवीतलं दिवाडी बेट, ज्यासाठी हा लेख लिहितोय, ते त्याच्याही पलीकडे.

दिवाडीच का? जहाजावर तुम्ही रात्रंदिवस समुद्रच बघत असता. मग मिळालेला एकुलता एक दिवस पुन्हा किनाऱ्यावर घालवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. आणि नुसती पणजी पाहिली तर गोव्याचं अर्धंच चित्र दिसतं. नदी, खाजनं (खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतजमीन), भातशेती, टेकडीवरचं चर्च, मोडलेल्या देवळांच्या खुणा हे सगळं गावात आहे. सकाळ गावात आणि दुपार शहरात घालवली तर एका दिवसात दोन्ही व्यवस्थित होतात, घाई न करता. त्यासाठी दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात: लांबचं ठिकाण आधी करायचं, आणि वेळेचं गणित उलट्या बाजूने मांडायचं.

आधी परतीची वेळ

जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी जहाजावर परत येण्याची वेळ वेगवेगळ्या असतात. परतीची वेळ साधारण अर्धा तास ते तासभर आधीची असते. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर ती छापलेली असते, जहाजाच्या ॲपवरही दिसते. आपलं गणित याच वेळेपासून मागे मोजत यायचं.

समजा संध्याकाळी सहाला जहाजावर हजर व्हायचंय. बंदराच्या फाटकावर ओळखपत्र तपासणी, सामानाची तपासणी, फाटकापासून जहाजापर्यंतची बस, आणि त्याच वेळी परतणाऱ्या बाकीच्या प्रवाशांची रांग. या सगळ्याला तासभर धरा. म्हणजे पाचला फाटकावर. पणजीहून फाटकापर्यंत नकाशा तासाभराच्या आत दाखवेल, पण सव्वा तास धरा. म्हणजे पावणेचारला पणजी सोडायची. झुआरीवरच्या नव्या पुलाचा एक भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्यामुळे कुठ्ठाळीला तासन्‌तास अडकून पडण्याचे दिवस संपले. तरी वास्कोच्या बाजूला संध्याकाळी गर्दी होते, म्हणून ती जास्तीची पंधरा मिनिटं सोडू नका.

सकाळचंही तसंच. जहाज आठला धक्क्याला लागलं तरी परवानगी मिळून, उतरून, फाटकाबाहेर यायला सव्वानऊ वाजतात असंच समजा. मग हातात राहिले साडेसात-पावणेआठ तास, त्यातले अडीच-तीन तास रस्त्यावर आणि फेरीबोटीत जाणार. उरलेल्या वेळात एक गाव आणि एक शहर मजेत बसतं. तिसरं ठिकाण घुसवलंत की तिन्ही बिघडतात. मंगेशी, दूधसागर, मसाल्याची बाग वगैरे नावं यादीत दिसली की सरळ काट मारा, त्यासाठी वेगळी सुट्टी काढून या.

फाटकापासून फाटकापर्यंत सहा तासांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर दिवाडीचा बेत सोडून द्या. त्याला दुसरा पर्याय आहे, तो पुढे सांगतो.

तारीख बघा

बंदराचा दिवस आपण निवडत नाही, जहाज निवडतं. म्हणून त्या तारखेला गोव्यात काय आहे हे आधी बघणं आपल्याच हातात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतो, जुन्या गोव्याचे रस्ते माणसांनी भरून जातात. ८ डिसेंबरला पणजीच्या मुख्य चर्चचं फेस्त. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल आणि शिगमो (गोव्याचा शिमगा), ज्यांच्या मिरवणुकांसाठी पणजीतले रस्ते वळवतात. यांतलं काही तुमच्या दिवशी आलं तर क्रम उलटा न करता फक्त पणजी सोडण्याची वेळ अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे आणा.

रविवार असेल तर चर्चमध्ये सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, पर्यटकांना उशिरा सोडतात, आणि पणजीतली बरीच दुकानं बंद असतात. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. पावसाळ्याचा प्रश्न येत नाही, कारण क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते मे.

गाडी

हा दिवस टॅक्सीवर उभा आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

गोव्यात ओला-उबर मिळत नाही. गोवा माइल्सचं ॲप आहे, पण बंदरातून स्थानिक टॅक्सीवाल्यांचीच गाडी घ्यायची तयारी ठेवा. दिवसभराच्या गाडीचा गोव्यातला नेहमीचा हिशेब 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा असतो. आपली फेरी मुरगाव, जुने गोवे, दिवाडी, पणजी आणि परत मुरगाव अशी धरली तर ऐंशीच्या थोडी वर जाते. म्हणून आधीच शंभर किलोमीटरचा भाव ठरवून घ्या, आणि त्यात पार्किंग व फेरीबोटीचे पैसे आले का तेही विचारून घ्या. संध्याकाळी फाटकावर, जहाजाची वेळ डोक्यावर असताना, वरच्या किलोमीटरवरून घासाघीस करायची वेळ येऊ नये.

चालकाला निघतानाच सांगायची दोन वाक्यं: "गाडी फेरीबोटीत घालून दिवाडीला न्यायची आहे," आणि "पाचला बंदराच्या फाटकावर पोचायचं आहे." पहिल्या वाक्याला तो कुरकुरला तर दुसरी गाडी बघा. दिवाडीवर उतरल्यावर उन्हात पायी फिरून काही होत नाही, गाडी बरोबर हवीच.

चौघं-पाचजण असाल तर टॅक्सी परवडते. एकटे किंवा दोघंच असाल आणि खर्च वाचवायचा असेल तर वास्को बसस्थानकावरून पणजीला कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, विनाथांबा शटल बस आहे, तिकीट अगदी थोडं. पणजीच्या स्थानकावरून जुन्या गोव्याची बस मिळते, आणि पायी माणसाला फेरीबोटीचे पैसे लागत नाहीत. पण दिवाडीवर पुन्हा वाहनाचा प्रश्न येतो. पणजीत भाड्याने स्कूटर घेऊन तो सुटू शकतो: काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तीच अधिकृत भाड्याची, आणि हेल्मेट व मूळ परवाना बरोबर ठेवा. पणजीत थोड्या अंतरासाठी मोटरसायकलवाले 'पायलट' मिळतात, तेही एकट्या माणसाला सोयीचे.

जहाजाने विकलेली सहल घ्यावी का? बरोबर वयस्कर आईवडील असतील, किंवा उशीर होण्याच्या धास्तीनेच तुमचा दिवस खराब होणार असेल, तर जरूर घ्या. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. फक्त या सहलींत जुने गोवे आणि पणजी असते, गाव बहुधा नसतं.

निघताना

जहाजाचं कार्ड आणि आधार किंवा दुसरं मूळ ओळखपत्र. यांतलं एक जरी नसेल तर फाटकावर अडाल. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांनी कोणती कागदपत्रं न्यायची ते जहाजाच्या स्वागतकक्षात आदल्या दिवशीच विचारावं. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पाणी, टोपी, थोडे सुटे पैसे. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, कारण चर्च आणि देऊळ दोन्ही वाटेत आहेत.

सकाळ: जुने गोवे आणि फेरीबोट

नकाशावर एक गंमत आहे ती आधी समजून घ्या. झुआरीचा पूल ओलांडून आगशीच्या पुढे गेलं की 'गोवा वेल्हा' लागतं. ते जुने गोवे नव्हे. जुने गोवे मांडवीच्या काठी, पणजीपासून पूर्वेला दहाएक किलोमीटर. फोनवर नाव टाकताना 'बॅसिलिका ऑफ बॉम जेझू' टाका म्हणजे चूक होणार नाही. चालकाला सांगा, पणजीत न शिरता थेट तिकडे घे.

साडेदहाच्या सुमाराला पोचाल. इथली चर्चं आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, सगळं बघायला दिवस लागेल. तुम्ही फक्त बॉम जेझू बघा, अर्धा तास. १६०५ मध्ये अभिषेक झालेली ही इमारत बाहेरून उघड्या जांभ्याची आहे, गिलावा नाही. आत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची चांदीची पेटी उंचावर ठेवलेली आहे. समोरचं से कॅथेड्रल बाहेरूनच बघा आणि नदीकडे वळा.

नदीकडे जाताना रस्ता एका कमानीखालून जातो, ती व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, स्वतः व्हाइसरॉय असताना ती उभी करवली. नवा व्हाइसरॉय याच वाटेने शहरात शिरायचा. कमानीतून पुढे गेलं की रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तोच दिवाडीचा धक्का.

फेरीबोट पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी: बोट सपाट, समोर लोखंडी झडप. झडप काठाच्या उतारावर खरखरत टेकते, आधी पायी माणसं आणि स्कूटर उतरतात, मग गाड्या. चढताना बोटीवरचा माणूस हाताने दाखवेल त्याच जागी गाडी लावायची, पुढे दोन बोटांचं अंतर उरलं तरी तो आणखी पुढे घ्यायला सांगतो, ते ऐकायचं. तुम्ही गाडीतून उतरून कठड्याला उभे राहा. लहान मुलांचा हात धरून ठेवा, झडपेच्या साखळ्यांपासून लांब. पलीकडे जायला काही मिनिटंच लागतात, पण बोट नुकतीच सुटली असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबावं लागतं. त्यासाठी वीस मिनिटं हिशेबात धरा आणि तेवढ्यात धक्क्यावर उभं राहून मांडवी बघा. कोकण रेल्वेची गाडीही याच परिसरात मांडवी ओलांडून दिवाडीवरून उत्तरेला जाते. आपण मुंबईहून मडगावला जाताना खिडकीतून हे बेट पाहिलेलं असतं, फक्त उतरलेले नसतो.

दिवाडीवर

पावणेदोन तास पुरतात. धक्क्यावरून निघाल्यावर दोन्ही बाजूंना खाजन जमीन लागते. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध, आणि बांधात लाकडी दारं बसवलेली मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतं. एखाद्या मानसपाशी गाडी थांबवून पाच मिनिटं नीट बघा. खारेपणा सोसणारा कोरगूट भात याच जमिनीत होतो. सगळ्या दिवाडीत मला हे सर्वांत जास्त बघण्यासारखं वाटतं, आणि बहुतेक गाड्या इथून न थांबता पुढे जातात. बांधावर चालायचं असेल तर आधी शेतात कुणी असेल त्याला विचारा, ती कुणाच्या तरी मालकीची वाट आहे.

मग पिएदादच्या टेकडीवरचं चर्च. वरून मांडवी, खाली खाजनं आणि पलीकडे झाडीतून वर आलेले जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. चर्चशेजारच्या दफनभूमीत छोटं चॅपेल आहे, त्यात कदंब राजांच्या काळातलं दगडी कोरीवकाम शिल्लक आहे. उघडं असेल तर बघा, दफनभूमीत आवाज न करता.

हे कोरीवकाम इथे का, याचं उत्तर आपल्याही इतिहासात आहे. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचा याच बेटावरचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं. देवाचं लिंग पुढे नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावात नेलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं. तसा शके १५९० चा शिलालेख तिथे आहे. अलीकडच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते देऊळ पुन्हा खुलं झालं. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरीबोट जाते, आणि मराठी माणसाचे पाय तिकडे ओढले जाणार हे मला माहीत आहे. पण एक फेरीबोट वाढली की दीड तास गेला. नार्व्याला जायचं तर पणजी पूर्ण सोडायची आणि जेवण वाटेत जिथे मिळेल तिथे उरकायचं. दोन्हीपैकी एकच, आणि हे सकाळीच ठरवा, बेटावर पोचल्यावर नाही.

गावात वावरताना एवढं पाळा: जुनी घरं सुंदर आहेत, पण ती राहती घरं आहेत. बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, परस्पर बसून फोटो काढू नका. कोकणी येत नसली तर मराठीत बोला, बहुतेकांना कळतं, आणि निघताना "देव बरें करूं" म्हणा. दुपारी एकच्या पुढे गाव झोपतं. दुकान, बार, घराचं दार, सगळं मिटतं. गाव सकाळी करायचं ते यासाठीच. सायकलवरून भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भेटला तर गरम पोळी (इथे हा एक प्रकारचा पाव) घेऊन ठेवा, जेवायला उशीर झाला तर आधार होतो.

दुपार: पणजी

परत येताना जुन्या गोव्याच्या धक्क्याने न येता रायबंदरच्या फेरीने या. तीच वाट पुन्हा होत नाही आणि पणजी जवळ पडते. (रायबंदरहून चोडणलाही फेरीबोट जाते. उलट्या दिशेने कधी आलात तर चढण्याआधी "दिवाडी?" एवढं विचारून घ्या.) रायबंदर ते पणजी हा मिठागरांच्या कडेने जाणारा सरळ बांधरस्ता १६३० च्या दशकातला आहे, आजही त्यावरून वाहतूक चालते.

दीडला जेवायला बसा. दुपारी एक ते साडेतीन पणजीतली बरीच दुकानं बंद असतात, पण खाणावळी तीनपर्यंत चालू असतात, म्हणून जेवण याच वेळात. माशाची थाळी मागवा: शीत (भात), हुमण (माशाचं कालवण), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी, आणि तळलेला तुकडा वेगळा सांगायचा. आजचा मासा कोणता ते विचारून मगच सांगा. शाकाहारी असाल तर कॅफे भोंसलेसारख्या जुन्या ठिकाणी पातळ भाजी आणि पाव किंवा साधी थाळी मिळते. मोठ्या, नदी दिसणाऱ्या हॉटेलात बसू नका; जेवण वाईट म्हणून नव्हे, ते यायला चाळीस मिनिटं लागतात म्हणून.

अडीचला चालायला निघा. चर्च स्क्वेअरवरून सुरुवात करा: इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या चर्चच्या पांढऱ्या, वळणावळणाच्या पायऱ्या खालूनच छान दिसतात, उन्हात चढण्याचा हट्ट नको. चर्चची मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. तिथून नदीकडे दोन-तीन मिनिटांवर आदिलशहाचा जुना राजवाडा, आणि शेजारी आबे फारियाचा पुतळा. संमोहनशास्त्राचा हा एक आद्य अभ्यासक गोव्यातल्या कांदोळीचा.

मग फोंतेन्यास, पणजीतली जुनी वस्ती. ३१ जानेवारी रस्त्याने आत शिरा, गल्ल्यांत सावली असते म्हणून दुपारी इथे चालणं सुसह्य आहे. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल उघडं मिळालं तर आत जा. तिथला क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता, नंतर पणजीच्या राजवाड्यात, मग इथे आला. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले असतात, इथे ते उघडे आहेत. फोंतेन्यासमधल्या रहिवाशांनी फोटोबद्दल पाट्या लावल्या आहेत, त्या वाचा आणि पाळा. दुपारची वेळ त्यांच्या विश्रांतीची असते. ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीतून बेबिंका आणि दोदोल घेता येईल. वेळ उरला तर मळ्याच्या बाजूला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या, किंवा महालक्ष्मीला.

साडेतीनला गाडी कुठे उभी असेल ते चालकाशी आधीच ठरवा. चर्च स्क्वेअरवर गाडी थांबू देत नाहीत, पाटोच्या बाजूची जागा सोयीची. पावणेचारला निघायचंच, एखाद्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं असलं तरी.

वेळ कमी असेल तर

फाटकापासून फाटकापर्यंत पाच-साडेपाच तासच मिळत असतील तर दक्षिणेकडे वळा. मडगाव शहर आणि चांदर किंवा लोटली हे गाव. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज घराण्याची आणि पुढे कदंबांची राजधानी. तिथला मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचा वाडा काही शुल्क किंवा देणगी देऊन आतून बघता येतो. लोटली त्याहून जवळ, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं गाव, जुन्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. या वाटेवर फेरीबोट नाही, म्हणून उशिराची भीती निम्मी. क्रम तोच: गाव सकाळी, जेवण आणि बाजार मडगावला.

परत बंदराशी

पाचच्या आधी वास्कोत पोचलात तर फाटकाबाहेर ताटकळू नका, हेडलँड सड्यावर जपानी गार्डन आहे, तिथून समुद्र आणि बंदराकडे येणारी जहाजं दिसतात. चालकाचे पैसे तिथेच चुकते करा, फाटकावर गाड्यांची गर्दी असते. काजू हातातल्या पिशवीत ठेवा. फेणीची बाटली घेतली असेल तर बहुतेक जहाजांवर ती चढताना जमा करून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात, त्याची पावती मागून घ्या.